अण्णा, वायसर आणि आमचं विमान

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या असा फोन आला की मी दरवर्षी एखादं प्रवासवर्णन पाठवून मोकळा होतो. यलोस्टोन झालं, अलास्का झालं. यंदा काय लिहावं असा विचार करत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्या विमानाच्या पायाचं लिही की. अण्णांनी दुरुस्त केलेलं ते." अण्णांनी दुरुस्त केलं हे तितकंसं खरं नाही. पण खरं काय ते सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागेल.

आधी विमानाविषयी. 'स्वतःचं विमान' हे शब्द ऐकले की सांगलीतले नातेवाईक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. प्रत्यक्षात ते १९६७ सालचं पायपर चेरोकी १४० आहे, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठं. चौघा मित्रांत मिळून घेतलेलं. माझा हिस्सा म्हणजे एका बऱ्यापैकी गाडीची किंमत. फ्लोरिडातल्या व्हीरो बीचच्या कारखान्यात तयार झालेलं, दीडशे हॉर्सपॉवरचं लायकॉमिंग इंजिन, वेग ताशी एकशेवीस मैलांच्या आसपास आणि आत बसल्यावर आपल्या जुन्या फियाटची आठवण यावी इतपत जागा. जुन्या विमानांचे शौकीन १९५६ ते १९७० या काळातल्या विमानांचा एक वेगळा वर्ग मानतात, त्यात ते बसतं. माझा मुलगा मात्र त्याला सरळ 'खटारा' म्हणतो.

हा खटारा शॉमबर्गच्या विमानतळावर असतो. आपल्यापैकी अनेकांनी तो आयर्व्हिंग पार्क रोडवरून जाताना पाहिला असेल. मेट्राच्या स्टेशनालगत, बेसबॉलच्या स्टेडियमपासून जवळच. ३,८०० फूट लांबीची एकच धावपट्टी. पूर्वी तो रोझेलच्या नावाने ओळखला जाई. १९९० च्या दशकात शॉमबर्ग गावाने तो विकत घेतला. ओहेअर इतकं जवळ, की उडाल्याबरोबर आम्हाला उंचीची मर्यादा सांभाळावी लागते. तिकडे शेकडो टनांची बोइंग विमानं उतरत असतात आणि इकडे आमचं पुरतं एक टनही न भरणारं चेरोकी. पण दोघांच्या पायात युक्ती एकच आहे.

विमान कितीही अलगद उतरवलं तरी जमिनीला टेकताना धक्का बसतोच. तो कुणीतरी सोसावा लागतो. नुसती स्प्रिंग बसवली तर ती धक्का सोसते, पण लगेच परत करते. मग विमान बेडकासारखं उड्या मारत जातं. त्यावर उपाय म्हणजे ओलिओ स्ट्रट. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आत खाली तेल आणि वर दाबाने भरलेला नायट्रोजन. चाक टेकलं की आतली नळी वर सरकते, वायू दाबला जातो आणि तेल एका बारीक छिद्रातून जोराने पलीकडे जातं. होळीची पिचकारी आठवा. भोक बारीक असलं की दांडा दाबायला किती जोर लागतो? तो जोर तेलात जिरतो, तेल किंचित गरम होतं आणि धक्का तिथेच संपतो. वायू पुन्हा विमान उचलून धरतो, पण सावकाश.

ही कल्पना विमानाच्याही आधी तोफखान्यात आली. १८९७ सालच्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेत तेल आणि हवा यांच्या साहाय्याने तोफेचा मागचा हिसका जिरवला जाई, त्यामुळे प्रत्येक गोळ्यानंतर तोफ पुन्हा जागेवर आणावी लागत नसे. पुढे विमानांनी तीच युक्ती उचलली. अमेरिकेत क्लीव्हलंड न्यूमॅटिक या कंपनीने १९२६ मध्ये विमानांसाठी असे स्ट्रट बाजारात आणले. आज आपल्या आईवडिलांना घेऊन ओहेअरला उतरणारं प्रत्येक मोठं विमान अशाच तेल-वायूच्या पायांवर उतरतं.

या सगळ्या यंत्रणेत सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे रबराची गोल कडी, ओ-रिंग. कुकरच्या रिंगची धाकटी बहीण म्हणा. दोन नळ्यांच्या फटीतून तेल आणि वायू बाहेर येऊ नये म्हणून ती असते. ती कडक झाली की सगळा खेळ संपतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान कोसळलं त्यामागे गारठ्याने ताठरलेली अशीच एक रिंग होती. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला होता, हे पुष्कळांना आठवत असेल.

आमच्या बाबतीत जे झालं ते अर्थात इतकं भयंकर नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत हाडं गोठवणारी थंडी पडली होती. ती ओसरल्यावर हँगरचं दार उघडलं तर आमचं विमान डाव्या बाजूला कललेलं. डावा पाय पार खाली बसलेला आणि चाकापाशी लाल तेलाचं थारोळं. थंडीत वायूचा दाब उतरतोच. वीस अंशांवरून उणे वीसवर पारा गेला तर दाब सातवा हिस्सा कमी होतो. पण तेल बाहेर येणं म्हणजे रिंगा गेल्या.

मी काय केलं? आपण आयटीवाले करतो तेच. तात्पुरता पॅच. थोडं तेल घातलं, नायट्रोजन भरला, पाय उचलला गेला, फोटो काढून बाकी तिघांना पाठवला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मार्चमध्ये पुन्हा. इथल्या नियमांप्रमाणे वैमानिक-मालकाला काही मोजकी कामं स्वतः करता येतात. टायर बदलणं, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस घालणं, स्ट्रटमध्ये तेल किंवा हवा भरणं. पण स्ट्रट उघडून आतल्या रिंगा बदलणं हे काम परवानाधारक मेकॅनिकचं. आपण हात लावू शकतो, पण त्याच्या देखरेखीखाली. आणि शेवटी लॉगबुकात काय केलं ते लिहून, तारीख घालून, परवान्याच्या क्रमांकासह सही त्यानेच करायची.

मे महिन्यात वार्षिक तपासणीच्या वेळी आमच्या मेकॅनिकने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, बोलणं मोजकं. म्हणाला, "तू याला तीनदा पाणी पाजलंस. आता औषध देऊ या. पाहिजे तर तू ये, मी बघतो." मजुरी वाचेल आणि शिकायला मिळेल म्हणून मी लगेच हो म्हटलं.

त्याच महिन्यात अण्णा आणि आई आले.

शॉमबर्गमध्ये आईवडील येतात तेव्हा काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहिला आठवडा कौतुकात जातो. मग आम्ही ऑफिसात, मुलं शाळेत आणि ते दोघे खिडकीत. आई भजन मंडळ, देऊळ आणि नातवंडं यांत रमते. अण्णांचं तसं नाही. अण्णा एस.टी.च्या कार्यशाळेत चौतीस वर्षं होते, हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. रिकामं बसणं त्यांना शिक्षेसारखं वाटतं. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी आमच्या घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. कॉलेजात असताना मी 'वडील एस.टी.त आहेत' एवढंच सांगत असे. पुढचा प्रश्न येण्याआधी विषय बदलत असे. अण्णांनीही मला कधी पाना हातात धरू दिला नाही. "तू अभ्यास कर, हात काळे करू नको." मला ते सोयीचंच होतं. स्टोव्हची हवा धरेनाशी झाली की ते पंप उघडून चामड्याचा वायसर खोबरेल तेलात भिजवत ठेवायचे. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो आणि रॉकेलचा वास येतो म्हणून नाक मुरडायचो. पुढे इथे येऊन एम.एस. केलं, नोकऱ्या केल्या. आणि चाळिशीत हजारो डॉलर घालून हात काळे करायचा छंद लावून घेतला. नशीब हसत असेल तर असंच हसत असावं.

जूनच्या पहिल्या शनिवारी अण्णांना बरोबर घेऊन हँगरवर गेलो. इंग्रजी येत नसल्याने ते आधी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मेकॅनिकने विमान पंखांखाली जॅक लावून उचललं, शेपटीला वजन बांधलं. स्ट्रटच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हमधून वायू सोडला. फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत त्याने कशालाही हात लावू दिला नाही, कारण आत दाब असताना काही उघडलं तर ते बंदुकीसारखं सुटतं. मग तेल काढलं, ब्रेकची नळी सोडवली. दोन्ही नळ्यांना जोडणारी एक कात्री असते. ती वर-खाली होऊ देते पण चाक वाकडं फिरू देत नाही. ती सोडवताना त्याने प्रत्येक चकती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवली. चकती इकडची तिकडे झाली तर चाकाचा रोख बदलतो.

हे बघून अण्णा खुर्चीवरून उठले. "हा माणूस शिस्तीचा हाय," असं म्हणून जवळ येऊन उभे राहिले. थोड्या वेळाने पाहतो तर मेकॅनिकने न बोलता हात पुढे करायचा आणि अण्णांनी बरोबर तोच पाना त्याच्या हातात ठेवायचा. माझं दुभाष्याचं काम निम्मं कमी झालं.

आतली नळी चाकासकट खाली निघून आली. रिंगा काळ्या, चपट्या, दाबल्यावर तडकणाऱ्या. अण्णांनी एक बोटांत धरून वाकवली आणि म्हणाले, "वायसर वाळला." मग त्यांनी नव्या तेलाचा डबा उघडून वास घेतला. लाल रंगाचं खनिज तेल. "ब्रेकचं तेल न्हाई ना ह्यात घालत?" मी विचारलं, का? म्हणाले, "चुकीचं तेल चुकीच्या रबरात गेलं की रबर जातं. डेपोच्या जीपमध्ये एकानं केलं होतं." मी भाषांतर केल्यावर मेकॅनिकने पहिल्यांदा अण्णांकडे नीट पाहिलं. हीच चूक त्याने इथेही पाहिली होती.

दुपारी मेकॅनिक दुसऱ्या विमानाकडे गेला आणि मला नळी साफ करायला सांगून गेला. ती नळी बाहेरून आरशासारखी चकचकीत असते, क्रोमचा मुलामा दिलेली. तिच्यावरूनच रिंग सरकते. तळाशी जुन्या पट्टीचा चिकट थर वाळून बसला होता. मऊ फडक्याने आणि लाकडी पट्टीने काढ, असं त्याने दोनदा बजावलं होतं. लाकडी पट्टीने निघेना. मला संध्याकाळी एका वाढदिवसाला जायचं होतं. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. थर निघाला, आणि हात सटकला. नळीवर उभा, बोटभर लांबीचा एक ओरखडा उमटला.

फार बारीक होता. प्रकाश तिरपा पडला तरच दिसणारा. मी आजूबाजूला पाहिलं. मेकॅनिक लांब होता. अण्णा दारात ऊन खात उभे. मी नळी फिरवून ओरखडा खालच्या बाजूला केला आणि वर फडकं टाकलं. स्वतःला सांगितलं, एवढ्याने काय होतंय? रिंग रबराचीच आहे, दबून बसेल.

निघताना अण्णा टेबलापाशी आले. फडकं बाजूला करून त्यांनी नळी हातात घेतली, जसं आपण बाळ बघायला गेल्यावर हातात घेतो तशी. डोळ्यांनी बघितलं नाही; अंगठ्याचं नख वरून खाली, मग आडवं फिरवलं. एका जागी नख अडकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नळी परत ठेवली, फडकं नीट घातलं आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसले.

गाडी विमानतळाबाहेर पडली. दोन सिग्नल गेले. मग ते म्हणाले, "त्यास्नी तू सांगणार हाईस, का मी सांगू? मला इंग्लिश येत न्हाई."

मी म्हणालो, "अण्णा, अगदी बारीक आहे हो. सोमवारी सांगीन."

"नखाला लागलं की गेलं. रिंग रोज त्यावरनं जाणार. आज न्हाई कापणार, महिन्यानं कापंल. सही कुणाची हाय त्या कामावर?"

"मेकॅनिकची."

"म्हंजे तू त्याच्या सहीखाली लपणार."

मी पुढच्या सिग्नलला गाडी वळवली.

मेकॅनिक हँगरला कुलूप लावत होता. मी सांगितलं. त्याने दिवा लावला, भिंग घेतलं आणि नंतर अगदी अण्णांसारखंच नख फिरवलं. बराच वेळ बोलला नाही. मग ड्रॉवरमधून लाल रंगाची चिठ्ठी काढली, 'बाद' असं लिहिलं आणि तारेने नळीला बांधली. म्हणाला, "हे मला सोमवारी दिसलंच असतं. पण मग मी तुला इथे पुन्हा येऊ दिलं नसतं." आणि अण्णांशी हात मिळवला. अण्णांनी काय केलं हे त्याला मी सांगितलं नव्हतं. त्याला कसं कळलं कोण जाणे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत होती, पण अर्धीच. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका रात्री अकराच्या पुढे अण्णा सायकल काढून बाहेर पडले होते. आई खूप चिडली होती. शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या होत्या आणि मला त्याची लाज वाटली होती. ते कुठे गेले होते हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी त्यांनी रत्नागिरीच्या गाडीच्या स्टिअरिंगचं काम केलं होतं. जॉब कार्डावर सही करून घरी आले. जेवून अंथरुणावर पडल्यावर आठवेना, एका नटाला आपण स्प्लिट पिन घातली की नाही. गाडी पहाटे सुटणार होती, आंबा घाट उतरून. विश्रामबागेतून सायकल मारत सांगलीच्या स्टँडवर गेले, वॉचमनला उठवलं, बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले.

"मग?" माझ्या मुलाने विचारलं. तो हातातला फोन खाली ठेवून ऐकत होता, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

"होती पिन," अण्णा म्हणाले.

"म्हणजे उगीचच गेलात?"

"उगीच कसं? मी घरी झोपलो असतो तरी ती होतीच. पण ते मला कुठं ठाऊक होतं? पन्नास माणसं घाट उतरणार, माझ्या सहीवर."

आई म्हणाली, "मला तेव्हा सांगायचं की." अण्णा म्हणाले, "सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस."

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात वीस वर्षांहून अधिक काळ आहे. टेस्टिंग, रिव्ह्यू, साइन-ऑफ हे शब्द दिवसातून दहादा वापरतो. मध्यरात्रीचे कॉलही घेतले आहेत. पण ते कॉल बहुधा कुणीतरी तक्रार केली म्हणून आलेले असतात. कुणीही तक्रार केलेली नसताना, कुणालाही कळणार नसताना, अंथरुणातून उठून सायकल काढणं हे मी कधी केलेलं मला आठवत नाही. आणि ज्या माणसाने ते केलं त्याचा हुद्दा मी वर्गात सांगत नव्हतो.

दुसरी नळी मिळणं सोपं नव्हतं. सत्तावन्न वर्षांच्या विमानाचा भाग दुकानात फळीवर नसतो. मोडीत काढलेल्या विमानांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे शोध घ्यायचा, आलेला भाग मेकॅनिकने तपासायचा, नापसंत झाला की परत. पहिली नळी आली ती गंजाच्या खळ्यांमुळे परत गेली. जून गेला, जुलै गेला. विमान जॅकवर एक पाय काढलेल्या अवस्थेत उभं. बाकीच्या तीन भागीदारांची उन्हाळ्यातली उड्डाणं माझ्यामुळे बुडाली. जादा खर्च मी एकट्याने भरला, तो भरायलाच हवा होता.

सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. अण्णांना मी विमानातून ऑशकॉशला नेणार होतो. विस्कॉन्सिनमधल्या या गावी दर जुलैअखेर हौशी वैमानिकांची जत्रा भरते. आपल्या पंढरपूरसारखी, फक्त वारकरी आकाशातून येतात. १९७० पासून ती तिथे भरते आहे. सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, पण तिथे विमान उतरताना मी लहानपणी कधी पाहिलं नाही. अण्णांना लहान विमानात बसवायचं हे माझं फार दिवसांचं स्वप्न होतं.

शेवटी आम्ही गाडीने गेलो, तीनेक तास. हजारो विमानं गवतावर रांगेत उभी. लोक इंजिनं बघत होते, रंग बघत होते. अण्णा मात्र प्रत्येक विमानापाशी कमरेत वाकून पायाखाली बघत होते, तेल गळतंय का म्हणून. एका जुन्या सेसनाचे चाकाचे पाय नुसत्या पोलादी पट्टीचे बघून ते थबकले. मी सांगितलं, ही कल्पना स्टीव्ह विटमन यांची. इथला विमानतळ त्यांच्याच नावाचा आहे. सेसनाने ती त्यांच्याकडून घेतली. अण्णा म्हणाले, "म्हंजे एस.टी.चा पाटा. मोडायला आत काय न्हाईच." मग जे.आर.डी. टाटा कोणत्या विमानातून आले होते असं त्यांनी विचारलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पस मॉथ विमान. त्याच्या चाकाच्या दांड्यावरचं आवरण वैमानिकाला आतून आडवं फिरवता येई, म्हणजे ते वाऱ्याला अडवून ब्रेकचं काम करी. हे ऐकून अण्णा जितके खूश झाले तितके दिवसभरातल्या कसरती बघून झाले नाहीत.

ऑगस्टच्या मध्यावर ते परत गेले. ७ सप्टेंबरला गणपती होते आणि घरचा गणपती चुकवायचा नाही हे आईचं आधीपासून ठरलेलं. नळी आली ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. अण्णांना विमानात बसवायचं राहून गेलं.

या वेळी मी लाकडी पट्टीच वापरली. बेअरिंगमधल्या खाचा स्वच्छ केल्या, नव्या रिंगा त्याच लाल तेलात भिजवून, पीळ न पडू देता बसवल्या. तारेतल्या चकत्या क्रमाने परत घातल्या. मग हवा काढण्याचं काम. स्ट्रटच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक तेलाच्या डब्यात बुडवायचं आणि चाक हाताने वर-खाली करत राहायचं. बुडबुडे येत राहतात. ते पूर्ण थांबेपर्यंत करायचं, थांबले असं वाटेपर्यंत नाही. माझे खांदे भरून आले. मेकॅनिक म्हणाला, "तुझे वडील असते तर आणखी दहा वेळा करायला लावलं असतं." मी आणखी दहा वेळा केलं. शेवटी एक बुडबुडा आलाच.

विमान जॅकवरून उतरवून नायट्रोजन भरला. पाय साडेचार इंच उघडा राहिला, म्हणजे माझी मूठ आणि वर एक बोट. मेकॅनिकने लॉगबुकात नोंद करून सही केली. मग पेन माझ्यापुढे धरलं आणि हसला. मी म्हणालो, "माझी सही चालत नाही." तो म्हणाला, "माहीत आहे. पण पेन हातात घेऊन बघ, करावीशी वाटते का."

पहिली तीन उड्डाणं एकट्यानेच, धावपट्टीभोवती फेऱ्या मारून. तिसऱ्या वेळी उतरणं माझ्या हातून जरा आदळलंच. विमान एकदा दबलं, उचललं गेलं आणि शांतपणे चालू लागलं. धक्का तेलात जिरला.

सांगलीत तेव्हा रात्र झाली होती. तरी फोन केला. अण्णांनी उचलला. विमान कसं उडालं, कसं वाटलं, काही विचारलं नाही.

"गळतंय का?"

"नाही."

"पुन्हा बघ. आठ दिवसांनी बघ."

आता प्रत्येक उड्डाणाआधी मी स्वच्छ फडकं तेलात बुडवून तिन्ही पायांच्या चकचकीत नळ्या पुसतो, धूळ राहिली तर तीच रिंगेला कापते म्हणून. पुसून झालं की अंगठ्याचं नख एकदा वरून खाली, एकदा आडवं फिरवतो. मुलगाही हल्ली बरोबर येतो. परवा त्याने विचारलं, "हे चेकलिस्टमध्ये कुठे आहे?" मी म्हणालो, "नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग उजव्या पायापाशी वाकून स्वतःचं नख फिरवलं.

बाद झालेली ती नळी लाल चिठ्ठीसकट माझ्या घरच्या ऑफिसात टेबलावर उभी आहे. ओरखडा माझ्याकडे तोंड करून ठेवलाय. आणि कुणी विचारलं की वडील काय करायचे, तर आता मी पूर्ण सांगतो. एस.टी.त हेड मेकॅनिक होते. सांगली-रत्नागिरी गाडी त्यांच्या सहीवर आंबा घाट उतरायची.